जेवायची थांबलेली माणसं

त्या आजोबांनी फोनवर विचारलं ते अगदी साधं होतं. जेवायची थांबलेली ती माणसं शेवटी जेवली का, एवढंच त्यांना हवं होतं. पुढचा भाग यायला वेळ लागणार असेल तर निदान हो की नाही तेवढं सांगा, म्हणजे जिवाला घोर राहणार नाही, असं ते म्हणाले. फोन कानसेनने घेतला होता. त्याने रिसीव्हर छातीशी धरला आणि काचेच्या खिडकीतून तिला विचारलं, "ताई, आपल्या पुस्तकात कुणी जेवायचं थांबलंय का?" ती हसली. ती सध्या मोठ्याने वाचत होती ते पुस्तक एका नकाशे काढणाऱ्या माणसाचं होतं. तो अख्ख्या जाडजूड कादंबरीभर एकटाच डोंगर मोजत हिंडतो, स्वतःशीच बोलतो, आणि त्याच्या तंबूत दुसरं माणूस शिरतं ते थेट शेवटाकडे, तेही त्याचं सामान उचलायला. त्याची त्यालाच धड जेवायची मारामार, तिथे आणखी माणसं कुठून येणार? "दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असेल," ती म्हणाली. कानसेनने तसं सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. मग फोन ठेवून तो म्हणाला, "नाही म्हणतात. याच पुस्तकात, तुमच्याच आवाजात. तंबूचं दार वाऱ्याने फडफडतं ना, त्याच्यानंतर लगेच." ते पान तिला चांगलं आठवत होतं. दार फडफडतं, मग तो माणूस कंदील विझवतो आणि झोपतो. मध्ये काही नाही.

दृष्टी नसलेल्यांसाठी चालवलेलं ते ग्रंथालय एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं, आणि तिथे कागदापेक्षा आवाजाचा साठा मोठा होता. ती तिथली वाचक. पुस्तकं मोठ्याने वाचायची, कानसेन ती ध्वनिमुद्रित करायचा, आणि दूरदूरचे लोक ती घरी मागवून ऐकायचे. कानसेनचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. गाणं शिकायला गेलो, तानसेन काही होता आलं नाही, म्हणून कानसेन झालो, असं तो स्वतःच सांगायचा. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्यावरून ओळखीतले लोक म्हणायचे, या घरात नवरा डोळे असलेल्यांचं बघतो आणि बायको नसलेल्यांचं, गिऱ्हाईक सुटायला जागाच नाही. ती यावर दर वेळी नव्याने हसायची. कामाच्या बाबतीत मात्र ती हसण्यावारी काही नेत नसे. वाचायच्या खोलीत सळसळणारं कापड चालत नाही, कुरकुरणारी खुर्ची चालत नाही. पान उलटायचं ते वरचा कोपरा बोटात धरून, अलगद, झोपलेल्या पोराच्या अंगावरून पांघरूण काढावं तसं. तिला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या वाचकबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही. डोळस माणूस पान उघडून तुझी चोरी पकडेल. यांना पान नाही, बाई. यांना तूच पान. हे वाक्य तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की घरी वाणसामानाची यादी वाचतानासुद्धा ती त्यात शब्द वाढवत नसे. आयुष्यात आपल्याला एक गोष्ट नीट येते आणि ती आपण प्रामाणिकपणे करतो, एवढाच तिचा ऐवज होता, आणि तो पुरेसा होता.

कानसेनने तो भाग शोधून लावला. हेडफोन कानाला लावून ती खुर्चीत बसली. वारा सुटला, तंबूचं दार फडफडलं, आणि मग तिचा आवाज, थोडा सैल, जिभेला मुंग्या आल्यासारखा, पण न अडखळता, कुठे स्वल्पविराम घ्यायचा ते ठाऊक असल्यासारखा म्हणाला, "दार ओढून घ्या. आतली माणसं अजून जेवायची थांबली आहेत." आणि नकाशेवाल्याने कंदील विझवला. तिने पुस्तक उघडलं. दार, कंदील. मध्ये पांढरा कागद. तिने पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी तिला आवाजाच्या खाली दुसरं काहीतरी ऐकू आलं, फार हळू. "हे काय आहे?" तिने विचारलं. कानसेन टेबलावरची वायर उगाच गुंडाळू लागला. "ते पोट आहे, ताई. तुमचं पोट वाजतं. मी रोज संध्याकाळी बसून पुसून टाकतो, त्यातलं थोडं राहिलं असेल. तुम्हाला कशाला सांगायचं म्हणून बोललो नाही." किती दिवसांपासून, असं तिने विचारलं नाही. न पुसलेलं आहे का, एवढंच विचारलं. आजच्या सकाळचं होतं. त्याने तिचा आवाज कमी करून खालचा वाढवला. पोटात कावळे ओरडतात म्हणतात, तसलं ते नव्हतं. बंद दाराआड पुष्कळ माणसं येऊन बसत असावीत, खुर्च्या सरकवत, एकमेकांना जागा देत, घसा साफ करत, तसं काहीतरी होतं. कुणाला घाई नव्हती. कानसेनही ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. त्याच्या लेखी ती नुसती खरखर होती.

पोट म्हटल्यावर तिला आधी लाज वाटली आणि मग ते ऑपरेशन आठवलं, किंवा आठवलं असंही नाही, कारण ती त्या वेळी शुद्धीवर नव्हती. तिला आठवत होता तो आधीचा पांढरा उजेड आणि नंतरची तहान. आतड्याला पीळ पडला होता. पिळलेला भाग काळा झाला होता, तो कापून टाकला आणि उरलेली टोकं जोडली, असं सर्जनने नंतर सांगितलं, नळ दुरुस्त करणाऱ्यासारखं हात पुसत पुसत. जीव वाचला. घरी आल्यावर सगळे म्हणाले, आता खा-पी, अंगावर मूठभर मांस चढू दे. तिने खाल्लं. भात खाल्ला, बटाटे खाल्ले, नवऱ्याने आणलेली फळं, साखर घातलेलं दूध, पाव, जे समोर येईल ते. भूक अशी लागायची की पातेल्यातलं खरवडूनसुद्धा ती उठायची नाही. आणि तरी आरशातलं माणूस बारीक होत गेलं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. जेवणानंतर पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, आणि नंतर जे बाहेर पडायचं ते तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारं, इतक्या घाण वासाचं असायचं की ती स्वतःच्याच घरात चोरासारखी न्हाणीघराची खिडकी उघडून ठेवायची. जीभ गुळगुळीत झाली होती आणि चहाने भाजायची. तळपायांना सतत पायमोजे घातल्यासारखं वाटायचं. दिवस मावळला की जिन्याच्या पायऱ्या तिला दिसेनाशा व्हायच्या आणि ती भिंत धरून चढायची. शेजारीण एकदा म्हणाली, "काय ग, कुठल्या चक्कीचं पीठ खातेस, इतकी बारीक झालीस? आम्हाला पण सांग की." ती हसली, कारण अशा वेळी हसतात. मग दार लावून स्वयंपाकघरात उभी राहून तिने अर्धी वाटी साखर नुसतीच खाल्ली. हे सगळं जातं कुठे, हा प्रश्न तिला तेव्हा पहिल्यांदा पडला. घरात दोन माणसं, आणि किराणा मात्र भरल्या घराएवढा लागत होता. कुणीतरी जेवत होतं. ती नव्हती.

त्यात ध्वनिमुद्रणाच्या खोलीचा जुना रिवाज असा की रिकामं पोट माइकला खपत नाही. भुकेलं पोट बोलतं, आणि माइक पोटातलं आधी ऐकतो, ओठातलं मागून. म्हणून वाचक आला की आधी खाऊ घालायचं. कानसेनच्या खणात यासाठी गोड बिस्किटांचे पुडे आणि केळी असत, आणि तो दाट गोड चहा करायचा. तिचं पोट वाजायला लागल्यापासून त्याने मुकाट्याने बिस्किटं वाढवली होती. पोट वाजलं की तो काचेवर बोट वाजवायचा, "ताई, थोडं खाऊन घ्या, गळा शेकेल." आता तिच्या लक्षात आलं की गळ्याचा काही संबंध नव्हता. तो बिचारा जिवाच्या आकांताने त्या आवाजाला खाऊ घालत होता, आणि आवाज वाढत होता. त्या दिवशीही त्याने सवयीने बशी पुढे सरकवली आणि तिने सवयीने चार बिस्किटं खाल्ली. मग वाचायला बसली. आधी सगळं ठीक होतं. काही वेळाने ओळी किंचित ओल्या झाल्यासारख्या वाटल्या, डोक्यामागे कुणीतरी मऊ उशी धरल्यासारखं वाटलं, आणि फार बरं वाटलं. थांबली तेव्हा कानसेन काचेपलीकडे उभा होता, बटणावरचा हात तसाच ठेवून. आत्ताचं लाव, ती म्हणाली. तिला स्वतःची जीभ जड लागली. त्याने लावलं. नकाशेवाला दरी उतरत होता. मग तिचाच आवाज, गुजगोष्ट करावी तसा: "आवाज करू नका. ऐकायला बसली आहेत ती." आणि पुन्हा दरी. हे वाक्य म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. आठवत होती ती मऊ उशी. "हे मी वाचलं?" तिने विचारलं. "मी पान बघत नाही ना, ताई," कानसेन म्हणाला, "मी नुसतं ऐकतो. मला वाटलं पुस्तकात असेल." तिला त्याचा राग आला नाही. तिला भीती वाटली, सरळ, लहानपणी वाटायची तशी.

ग्रंथपालबाईंना सांगणं भागच होतं. त्या भल्या होत्या, त्यामुळे बोलायला त्यांना वेळ लागला. तुम्ही थोडी विश्रांती घ्या, पुस्तक दुसऱ्या कुणाला देऊ या, असं त्या म्हणाल्या, आणि मग खिडकीबाहेर बघत, "घरी सगळं ठीक आहे ना?" तिने महिनाभराची मुदत मागितली. तेवढ्यात बरी झाले नाही तर खुर्ची सोडते, असं स्वतःच बोलून बसली. घरी जाताना फुटपाथच्या कडेवर तिचा पाय दोनदा घसरला. किल्ली कुलपात जाईना. नवऱ्याने आतून दार उघडलं आणि तो बाजूला झाला नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, मग हळूच पुढे वाकला आणि त्याने तिच्या तोंडाजवळ श्वास ओढून घेतला. फार हळू केलं त्याने ते, समोरच्याला कळू नये अशा बेताने. पण तिच्यापासून ते लपणार नव्हतं, कारण हे काम तिने स्वतः केलं होतं. तिचे वडील प्यायचे. ते घरी आले की आई स्वयंपाकघरातून हलायची नाही, हिलाच पुढे पाठवायची. ती जाऊन बाबांच्या गळ्यात पडायची, आणि ते लाडाने वाकले की श्वास ओढून घ्यायची, आणि आत जाऊन आईकडे बघून मान हलवायची, हो किंवा नाही. बाबांना ते ठाऊक असावं. एकदा त्यांनी तिचे खांदे धरून म्हटलं होतं, "काय, लागला का वास?" आणि ते इतकं हसले होते की तिने त्या दिवशी आईला नाही म्हणून सांगितलं. नवऱ्याला हे तिनेच कधीतरी सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, माणसं सांगतात तसं, समोरच्याच्या हातात आपल्या घराची एक किल्ली द्यावी म्हणून.

"आंबट वास येतोय," तो म्हणाला. "कसला?" "तू सांग. मी रागावणार नाही. खरं काय ते सांग फक्त." "खरं सांगण्यासारखं काही नाहीये." "मग चालता का येत नाहीये तुला?" तो ओरडला नाही, हेच तिला जास्त लागलं. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "रोज जेवणानंतर तुझी जीभ अडखळते. परवा तू पंख्याला अहो म्हणालीस. मला वाटलं थट्टा करतेस. मग कपाट उघडून बघितलं मी. काही मिळालं नाही. न मिळाल्यावर आणखीच वाईट वाटलं. घरात नसेल तर मग कुठे, असं वाटलं." एरवी त्या पंख्याच्या गोष्टीवर ती पोट धरून हसली असती. "पुन्हा शोधा," ती म्हणाली. "अहो, सगळं घर शोधा. गादी उसवा. आणि हे घ्या, तुमचं जेवण तुम्हीच जेवा. मला नको. माझ्या पोटात काय जातं आणि काय जात नाही ते तरी एकदा कळू दे सगळ्यांना." तिने ताट त्याच्याकडे सारलं. तो राग होता, दुसरं काही नव्हतं. त्या संध्याकाळी ती पाणी पिऊन झोपली. सकाळी तो पावाचे तुकडे भाजून समोर ठेवून बसला तरी तिने हात लावला नाही, आणि बिन साखरेचा काळा चहा घेऊन कामावर निघाली.

कानसेनच्या बशीकडेही तिने पाहिलं नाही. रिकाम्या पोटी वाचते म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं, आज सगळी संध्याकाळ पुसण्यात जाणार असा त्याने हिशेब केला असणार. ती वाचायला बसली, आणि ओळी कोरड्या, काळ्या, जागच्या जागी होत्या. सगळे स स होते, श श होते. नकाशेवाला एका पठारावर पोचला आणि तिथून त्याला आपण चालून आलेली वाट उलटी दिसली, ते सबंध प्रकरण तिने एका बैठकीत वाचून काढलं. पाय गळाठले होते, डोळ्यांपुढे मधूनमधून काजवे चमकत होते, पण डोकं धुतलेल्या काचेसारखं स्वच्छ होतं. कानसेनने ऐकून बघितलं. "काहीच नाही," तो म्हणाला, "खाली एकदम शांत आहे. असं कसं?" तिने पुस्तक आणि आवाज शब्दाला शब्द लावून पाहिले. एक अक्षर कमी नव्हतं, एक जास्त नव्हतं. तिला रडू आलं. मग रडू थांबल्यावर तिच्या मनात जे आलं ते तिने कानसेनला सांगितलं नाही. तिला वाटलं, आज त्यांना काही मिळालं नाही म्हणून ती गप्प आहेत. बसलेली आहेत. वाट बघताहेत. उपाशी माणसं किती गप्प असतात ते तिला ठाऊक होतं, बाबांची वाट बघताना आई आणि ती असायच्या तशी.

मी जेवले नाही की बरी असते, असं तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा नवरा शेजारच्या खुर्चीत अवघडून बसला होता. याआधी दोन डॉक्टरांनी भरपूर खा आणि चिंता करू नका असं सांगून बोळवण केली होती. या बाईंनी पेन खाली ठेवलं. काय खाल्ल्यावर, किती वेळाने, जीभ कशी होते, संध्याकाळी दिसतं का, असं एकेक विचारत गेल्या, आणि मग म्हणाल्या, "उद्या उपाशी या. यांनाही घेऊन या. श्वास तपासू." दुसऱ्या दिवशी एका लहानशा खोलीत जांभया देणाऱ्या एका माणसाने तिच्या हातात नळी लावलेली पिशवी दिली. "फुंका. वाढदिवसाचा फुगा समजा," तो म्हणाला. हा विनोद तो दिवसभर करत असावा. मग साखरेचं पाणी प्यायला दिलं आणि अधूनमधून पुन्हा फुंकायला लावलं. नवरा समोर बाकावर होता. त्या खोलीत दुसरं काही नव्हतं, कपाट नव्हतं, खण नव्हता, पेला त्याच्या डोळ्यांदेखत भरला होता. पोट फुगायला लागलं. बाहेर जिन्यावर पावलं वाजत होती की आत वाजत होती ते तिला कळेना. मऊ उशी आली. ती नवऱ्याशी काहीतरी बोलायला गेली आणि शब्द लाळेसारखे ओघळले. पिशवी द्यायला उठली तर खोली एका बाजूला कलली, आणि त्याने धावत येऊन तिला धरलं. त्याने तिला घट्ट धरून ठेवलं, त्या माणसासमोर, कसलीही लाज न बाळगता. "मी तुला हुंगलं," तो तिच्या केसांत म्हणाला, "दारात उभं करून हुंगलं मी तुला." तिने त्याच्या पाठीवर थोपटलं. तिला त्याला माफ करायचं होतं आणि ते करायला पुढे बरेच दिवस लागले.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आतडं काढून दाखवलं. लहान आतडं बरंच कापावं लागलं होतं. जोडताना बाजूला एक कप्पा राहून गेला होता, तिथे अन्न पुढे न जाता साचतं. आणि लहान-मोठ्या आतड्यांच्या मध्ये एक झडप असते, ती त्या कापलेल्या तुकड्याबरोबर गेली. "खालच्या जंतूंना वर यायला अडवणारं दारच उरलं नाही. ते वर आले, त्या कप्प्यात राहिले, आणि तुम्ही खाल ते तुमच्या आधी खाऊ लागले. तुमची जीवनसत्त्वंसुद्धा. म्हणून पाय बधिर, म्हणून संध्याकाळी दिसत नाही. साखर मिळाली की ते एक आम्ल तयार करतात. ते रक्तात गेलं की माणूस प्यायल्यासारखा बोलतो. नेहमीच्या तपासण्यांत ते सापडत नाही." मग त्यांनी श्वासाचा आलेख पुढे केला. "हा वायू बघा, किती चढलाय. हा माणसाचं शरीर तयार करतच नाही. तो त्यांचा." तिने विचारलं, "म्हणजे तो माझा श्वास नव्हता?" डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमचाच हो. त्यात त्यांचाही थोडा." नवराही सुटकेने हसला. ती पण हसली. मग तिने विचारलं, "आणि वाक्यं?" "गोंधळलेलं डोकं काहीही जोडतं," बाई म्हणाल्या. "जंतू गेले की वाक्यं गेली." औषधाने मरतात, पण कप्पा आहे तोवर पुन्हा येऊ शकतात, अधूनमधून औषध घ्यावं लागेल, असंही त्यांनी सांगितलं. गोड बंद. भात-बटाटे जपून. थोडं थोडं, चार वेळा. आणि दंडात इंजेक्शनं.

गोळ्या सुरू झाल्यावर पोटातले आवाज आधी वाढले, उठून जाणाऱ्या माणसांची होते तशी धांदल झाली, आणि मग एका दुपारी जेवून उठल्यावर तिच्या लक्षात आलं की काही ऐकू येत नाहीये. जेवण गुमान खाली गेलं होतं आणि तिथे तिचं झालं होतं. तिने बेसिनशी उभं राहून वाट पाहिली. काही नाही. हळूहळू गालांना रंग आला. संध्याकाळी जिन्याची पहिली पायरी दिसली, मग दुसरी, मग वरपर्यंत सगळ्या. शेजारीण म्हणाली, "चक्की बदललीस वाटतं." नवरा तिच्यासाठी मापात खायला करून ठेवायचा आणि ती खात असताना दुसरीकडे बघायचा, कारण आता तिच्याकडे निरखून बघायला तो घाबरायचा. मुदत संपायच्या आत ती ग्रंथपालबाईंपुढे डॉक्टरांचा कागद घेऊन उभी राहिली. त्यांनी तो वाचला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यांनीही मनात तेच धरलं होतं जे नवऱ्याने धरलं होतं. खुर्ची तुमचीच, त्या म्हणाल्या, फक्त मागचं एकदा तपासून घ्या, लोकांकडे चुकीचं काही राहू नये. त्यांनी सांगितलं नसतं तरी तिने ते केलंच असतं. त्या आजोबांना तिने स्वतः फोन केला. ती माणसं पुस्तकात नव्हती, माझ्या आजारपणात माझ्याकडून आली, माफ करा, असं सांगितलं. "आली तर होती," ते म्हणाले, "मी ऐकलं ना," आणि त्यांनी फोन ठेवला.

मग ती आणि कानसेन रोज बसू लागले. त्याने लावायचं, तिने पुस्तकावर बोट ठेवून ऐकायचं, पदरचं वाक्य आलं की बोट वर करायचं. ऑपरेशननंतरची सगळी पुस्तकं त्यांनी अशी चाळून काढली. बरीच वाक्यं निघाली, सगळी थोडी ओली, सैल जिभेची, आणि खाली ती सरकासरकी. प्रत्येक सापडल्यावर तिला हलकं वाटायचं. आजाराने बोललेलं आजाराच्या नावावर लिहून टाकायचं, आणि ते काढून त्या जागी स्वच्छ ओळ भरायची. शेवटचं पुस्तक संपलं त्या दुपारी कानसेन म्हणाला, "सुटलो, ताई." तिला उठावंसं वाटलं नाही. इतके दिवस स्वतःचा आजारी आवाज ऐकून तिचे कान किटले होते. "ऑपरेशनच्या आधीचं काहीतरी लाव ना," ती म्हणाली, "अगदी सुरुवातीचं. मी बरी असताना कशी वाचत होते ते ऐकू दे जरा." तो म्हणाला, "हौस आहे," आणि फळीवरून शोधून त्याने पहिल्या वर्षातलं एक काढलं, आगबोटीवरच्या स्वयंपाक्याच्या आठवणींचं, आणि ते लावून तो बशा विसळायला गेला. तिने पुस्तक उघडलं, तपासायला म्हणून नाही, पान नसलं की तिच्या हातांना चुकल्यासारखं वाटायचं म्हणून. आवाज तरुण होता. एकेक अक्षर घासून पुसून ठेवलेलं. खाली काही नव्हतं, नुसती खोलीची शांतता. स्वयंपाकी बंदरावर उतरला, त्याने टोपी सारखी केली, आणि तो स्वच्छ, निरोगी आवाज ओळ न चुकवता म्हणाला, "जिन्यात माणसं उभी आहेत. त्यांना सांगा, अजून जागा झालेली नाही." आणि स्वयंपाकी बाजाराच्या दिशेने चालू लागला.

तिचं बोट टोपीवर होतं. त्याच्या पुढे बाजार होता, मध्ये काहीच नव्हतं. तिने पान मागे केलं, पुढे केलं, दोन पानं चिकटली आहेत का ते नखाने पाहिलं. आवाज पुढे वाचत होता, बिनचूक, सुंदर, आणि तो ऐकताना तिला पहिल्यांदाच कळेना की तो थांबला तर ती स्वतः कुठे असेल. दारातून कानसेन हात पुसत आत आला. डॉक्टरांचा कागद झाला होता, खुर्ची तिची होती, नवरा घरी मापात जेवण करून ठेवत होता. "काय," कानसेन म्हणाला, "यातही सापडलं की काय काही?"

"नाही," ती म्हणाली. "पुढचं लाव."